चेण्याच्या रानातून परळला

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागले की कासारवडवली, ओवळे मागे पडेपर्यंत आपण शहरातून चाललो आहोत की शहराच्या बांधकामातून, हे नीटसे कळत नाही. उंच इमारती, त्याहून उंच जाहिरातींचे फलक, मधोमध मेट्रोचे खांब आणि त्या खांबांच्या पायाशी मुंगीच्या चालीने सरकणारे कंटेनर. मग गायमुखचा घाट येतो. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाने याला घाट म्हणणे म्हणजे टेकाडाचा उगाच मान राखणे होय. पण त्या दोन-चार वळणांत काहीतरी जादू आहे खरी. उजव्या हाताला वसईची खाडी उघडी पडते, डाव्या हाताला झाडीने भरलेला डोंगर अंगावर येतो, आणि मघाचे ते सारे फलक कोणीतरी पुसून टाकल्यासारखे नाहीसे होतात. घाट उतरला की वर्साव्याच्या नाक्याआधी चेणे लागते.

कागदोपत्री चेणे मिरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे. ही महानगरपालिका २००२ साली झाली. पण 'महानगर' या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याच्याशी चेण्याचे काही नाते नाही. पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आदिवासींचे पाडे, आणि डोंगरातून उतरून खाडीला मिळणारी एक लहानशी नदी. पावसाळ्यात नदीला पूर आला की मुंबईकरांनाही येतो. पोलिसांनी बंदी केली तरी डबे, चटया आणि गाणी वाजवण्याची यंत्रे घेऊन मंडळी येतात. शेजारच्या घोडबंदरला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला. घोड्यांच्या व्यापारावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. घोडा या लेखात पुढे एकदा येणार आहे, म्हणून येथे त्याची नोंद केली.

आम्ही गेलो ते आश्विनात. 'आम्ही' म्हणजे मी आणि आमच्याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक स्नेही. अशा माणसाबरोबर रानात जाण्यात एकच अडचण असते. तो पुढे जात नाही. मराठीच्या प्राध्यापकाला झाडे कवितेतून भेटलेली असतात, तेव्हा तो त्यांना लांबूनच नमस्कार करून निघू शकतो. या गृहस्थांना प्रत्येक झुडपाची विचारपूस करावी लागते. जोडीजोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा दाखवून ते म्हणाले, "हा कुडा. याची साल आपल्या आजीने पोट बिघडल्यावर उगाळून दिलेली असणार." दिली होती. तिची चव अजून आठवते.

पाड्याच्या कडेला एका झाडावर गुळवेल चढली होती. हृदयाच्या आकाराची पाने, सुतासारखी खाली लोंबणारी हवेतली मुळे, आणि कागदाप्रमाणे सोलवटणारी साल. मात्र खालचे बोटभर जाडीचे खोड कोणीतरी तोडून नेले होते, आणि वर राहिलेली वेल जमिनीशी संबंध तुटूनही हिरवीगार होती. म्हणूनच तिला 'अमृता' म्हणतात. झाडाखाली बसलेले एक वृद्ध वारली आमची मौज पाहत होते. आमच्या स्नेह्यांनी विचारले, "बाबा, वेल कोणी तोडली?"

"तुमच्यातलेच येतात, साहेब. करोनात तर गाड्या घेऊन येत. काही म्हणत काढा करतो, काही म्हणत पाव्हण्यांना देतो. आमी म्हटलं, न्या."

हे मात्र खरे, की त्या दोन वर्षांत गुळवेलीचा काढा न पिणारे मध्यमवर्गीय घर शोधून सापडले नसते. आमच्या इमारतीत तर सकाळच्या चहाची जागाच काढ्याने घेतली होती. किती घ्यावा, किती दिवस घ्यावा, ही वेल गुळवेलच आहे की तिची बहीण, असले प्रश्न विचारणाऱ्याला आयुर्वेदाचा शत्रू ठरवले जाई. आणि नेमके हेच प्रश्न ज्या बाईंनी आयुष्यभर विचारले, त्यांची आठवण कोणालाच नव्हती.

त्या डॉ. शारदिनी डहाणूकर. मराठी वाचकांना त्या 'फुलवा' आणि 'वृक्षगान' यांच्या लेखिका म्हणून ठाऊक असतात. फुलाझाडांवर इतक्या मायेने लिहिणारी लेखणी आपल्याकडे विरळाच. पण त्यांचा पेशा निराळा होता. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ज्याला आपण के. ई. एम. म्हणतो त्या रुग्णालयाच्या आवारात, त्या औषधक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. औषध शरीरात गेल्यावर नेमके काय करते, किती मात्रेने करते आणि कोणाला अपाय करते, हे शोधणारे शास्त्र ते हेच. त्यांनी आयुर्वेदातील वनस्पती या शास्त्राच्या तराजूत घातल्या; भक्तीने नव्हे आणि तुच्छतेनेही नव्हे.

त्यांच्या गटाचे गुळवेलीवरील काम मला फार बोलके वाटते. पित्ताचा मार्ग अडून झालेल्या काविळीत शस्त्रक्रिया केली तरी रुग्ण पुष्कळदा जंतुसंसर्गाने दगावतो, कारण त्याच्या पांढऱ्या पेशी दुबळ्या झालेल्या असतात. तेव्हा अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले. एका गटाला त्यांच्या जोडीला गुळवेलीचा मोजून काढलेला अर्क दिला. १९९३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातील जंतुदोष झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही झाला नाही. शस्त्रक्रियेनंतर जगणाऱ्यांचे प्रमाण एकीकडे शेकडा ४०, तर दुसरीकडे शेकडा ९२. या कामात शल्यचिकित्सक होते डॉ. रवी बापट, 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' या पुस्तकामुळे तेही आपल्या ओळखीचे आहेत. तीस रुग्ण म्हणजे काही तीन हजार नव्हेत. पण येथे रोग ठरलेला आहे, मात्रा ठरलेली आहे, आणि औषध न दिलेला गट शेजारी आहे. "आमच्या आत्याला गुण आला" यापेक्षा हे फार निराळे बोलणे आहे.

डॉ. डहाणूकर २००२ साली गेल्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २०२१ साली, मुंबईतीलच यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचे काढे घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की वेल ओळखण्यात चूक झाली असावी; तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असते. वाद रंगला. आमच्या स्नेह्यांचे त्यावरचे मत असे की, वेल खरी असली तर मात्रेचा प्रश्न उरतो आणि खोटी असली तर ओळखीचा. दोन्ही प्रश्न काढा उकळणाऱ्याने विचारलेले नसतातच. मला हे पटले.

रानातील औषधांची नावे हा माझ्या अखत्यारीतला विषय. पुष्कळ वनस्पतींच्या नावात साप दडलेला आहे. सापसण ही त्यांपैकीच. सर्पदंशावर तिची मुळी देत. आता कळले आहे की तिच्यातील एक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगालाही कारण होते. सापापासून वाचलेल्याला सापसणीने गाठावे, असा प्रकार. सर्पगंधेची गोष्ट मात्र निराळी. तिनेही सापाचे विष उतरत नाही. पण तिच्या मुळीने मनुष्य शांत होतो, रक्ताचा जोर कमी होतो, हे आपल्याकडच्या वैद्यांना ठाऊक होते. १९३१ पासून कलकत्त्यात आणि दिल्लीत तिच्यावर संशोधन सुरू झाले. आणि १९४९ साली के. ई. एम.चेच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव हृदयरोगाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात छापला. तेव्हा कोठे जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. रक्तदाबावर आणि मनोरुग्णांवर ते वर्षानुवर्षे वापरले गेले. पुढे त्यापेक्षा चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. मधल्या काळात इतकी सर्पगंधा उपटली गेली की आज तिच्याच जिवाला धोका आहे.

आणि ती चांगली औषधे तरी कोठून आली? त्यांतील एक घराणे थेट सापाच्या तोंडातून आले. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा घोणशीच्या कुळातला साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. तो का कोसळतो याचा सेर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्याच औषधशास्त्रज्ञाने माग काढला, आणि त्या धाग्यावरून विणत गेलेले कॅप्टोप्रिल हे औषध १९८१ साली बाजारात आले. त्याची भावंडे आजही रोज सकाळी आपल्याकडच्या कितीतरी घरांत पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलेली असतात. सापाच्या नुसत्या नावाने खुर्चीवर पाय घेणाऱ्या माझ्या एका वडीलधाऱ्या नातलगांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी गोळी हातात धरून ती बराच वेळ न्याहाळली.

नदीकाठी एक दगड उलटला तर खाली काळी कुळकुळीत इंगळी. मी दोन पावले मागे सरलो. म्हातारबाबा जागचे हलले नाहीत. "ही नाय मारीत," ते म्हणाले, "रात्रभर रडवते फक्त." स्नेह्यांनी दुजोरा दिला. इंगळी दिसायला भयंकर, पण जीवघेणा तो तिच्याहून कितीतरी लहान असलेला लाल विंचू. कोकणच्या लाल मातीत त्याने किती माणसे मारली, विशेषतः किती मुले मारली, याची मोजदाद नाही.

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात दंशानंतर अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख आहे. वर्गात हे भारूड शिकवताना आपण कामक्रोधांकडे जातो आणि घाम तेथेच राहतो. पण तो घाम एका डॉक्टराने पाहिला. १९७६ साली हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेले तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे येत. घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे, उलट्या. काही तासांत धाप लागे, तोंडाला गुलाबी फेस येई आणि मनुष्य जाई. पुस्तकात यावर धड उपाय नव्हता. विंचू चावून मनुष्य मरतो हेच मुळी शहरातल्या वैद्यकाला फारसे ठाऊक नव्हते.

बावस्करांनी केले ते सांगायला सोपे आणि करायला महाकठीण. ते रुग्णाच्या उशाशी बसले. दंशाची वेळ, घाम, नाडी, रक्तदाब, पुन्हा रक्तदाब, असे रात्र रात्र लिहून ठेवले. त्यातून एक साखळी दिसू लागली. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे मिटूच देत नाही; ते अखंड इशारे देत राहतात, आणि ॲड्रिनलीन व तिच्या भावंडांचा पूर रक्तात येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो; कोंडलेल्या दारावर धडका देणाऱ्या माणसासारखे हृदय थकते, आणि फुप्फुसांत पाणी साठते. म्हणजे मारेकरी विंचू खरा, पण हत्यार आपल्याच शरीराचे! १९८२ साली ही लक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. लंडनच्या त्या मातबर साप्ताहिकात एका ग्रामीण डॉक्टराचे नाव आले, ही काही रोजची गोष्ट नव्हे.

उपाय साखळीतच होता. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे, ॲड्रिनलीनचा हात मधल्यामध्ये धरणारे औषध हवे. असे औषध बाजारात होते: प्राझोसिन. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. कोणत्याही खेड्यातल्या कपाटात राहू शकेल अशी. १९८६ साली बावस्करांनी तिचे परिणाम पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये मांडले. गंभीर दंशाच्या रुग्णांत जेथे शंभरातील चाळीसपर्यंत दगावत, तेथे ते प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे हाफकिनने विंचवावरचे प्रतिविष तयार केले, तेव्हा बावस्करांनी स्वतःच्या गोळीची बाजू घेतली नाही. ७० रुग्णांत दोन गट करून तुलना केली आणि गोळीच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर बरा होतो, असा निकाल २०११ साली प्रसिद्ध केला. या साऱ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. भाषा सरळ, अंगावर येणारी, आणि कोठेही स्वतःची आरती नाही.

हाफकिनचे नाव आले, तेव्हा पुन्हा परळ. के. ई. एम.च्या शेजारीच ही संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. डॉ. पी. जे. देवरस येथलेच, त्यांचे भारतीय सापांवरचे इंग्रजी पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. आता घोडा. सापाचे विष काढून ते अगदी थोड्या, वाढत्या मात्रेने घोड्याला टोचतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात विषाला उतारा तयार होतो, आणि ते रक्त शुद्ध करून आपले औषध बनते. हाफकिनचे असे घोडे पिंपरीला असत. एकाच कुपीत चार सापांचा उतारा असतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष एक मिलिलिटरने निष्प्रभ व्हावे, असे मोजमाप ठरलेले आहे.

हे मोजमाप ज्या विषावर बेतलेले आहे ते बहुतेक सारे तामिळनाडूतून येते. महाबलीपुरमच्या वाटेवर इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे; देशातील प्रतिविषाच्या कारखान्यांना मुख्यतः तीच विष पुरवते. संस्था उत्तम. पण साप प्रांताभिमानी निघाला! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून दाखवून देत आहेत की एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते, आणि काही ठिकाणच्या विषापुढे हे प्रतिविष उणे पडते. शिवाय चारांखेरीजचे विषारी साप राहिलेच. याच डोंगरात आढळणारा हिरवा चापडा त्यांपैकी एक. तो सहसा मारत नाही, एवढेच समाधान. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली. म्हणून प्रांताप्रांताचे विष गोळा करण्याचे काम हा केवळ प्रयोगशाळेचा शौक नव्हे. आणि प्रतिविष उणे पडते म्हणून ते टाळावे असाही याचा अर्थ नव्हे. आज सर्पविषाला दुसरा उताराच नाही.

पाड्यात मंत्र घालणारा आहे का, असे मी विचारले. "होता," म्हातारबाबा म्हणाले, "त्याच्या हाताला गुण होता. दहांतले आठ उठायचे." आमच्या स्नेह्यांनी समजावले की बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दरवेळी पुरते विष ओततो असे नाही, तेव्हा ते आठ मंत्राशिवायही उठले असते. म्हातारबाबांनी हे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते दोन होते, त्यांचं काय पण?" मण्यारीचे त्यांना पक्के ठाऊक होते. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि डोळ्यांच्या पापण्या मिटू लागतात. म्हणून आता घरातले सगळे खाटेवर मच्छरदाणी खोचून निजतात.

"ते इंजेक्शन ठेवतात कुठं?" त्यांनी विचारले.

"मोठ्या दवाखान्यात. भाईंदरला, नाहीतर ठाण्याला."

"ठाण्याला घाट. भाईंदरला नाका. दोन्हीकडं गाड्या उभ्या."

हे काही आम्हाला खोडता येईना. येताना गायमुखला आम्हीच पाऊण तास उभे होतो. स्नेही म्हणाले, पाय हलवू द्यायचा नाही, काठी बांधून सरळ ठेवायचा, दोरीने करकचून आवळायचा नाही, चिरायचे नाही, आणि उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा. म्हातारबाबांनी नातवाला हाक मारली आणि चुलीतला कोळसा आणायला लावला. पोराने दाराशेजारच्या भिंतीवर मोठे थोरले आकडे काढले. आठ उलटा निघाला. आजोबांनी तो तळहाताने पुसला आणि त्याला पुन्हा काढायला लावले.